मी न ठोकलेली गाडी

चहा घेतला ना हातात? मग ऐका. माझ्याविरुद्ध गाडी ठोकल्याची लेखी कबुली आहे, आणि ती लिहिणारी मीच. गाडी मात्र मी ठोकली नव्हती!

मी मुळातच घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातलं लाटणं खाली पडतं. अशा मुलीला बाबांनी दोन वर्षांच्या विनवण्यांनंतर गाडीची किल्ली दिली. राजापेठेत एका ट्यूशन क्लासमध्ये मी गणित शिकवते, तिथवर एकटीनं गाडी नेली. रांगेत नीट उभीही केली. काय फुगले होते मी!

दोन तासांनी खाली येऊन बघते, तर शेजारच्या लाल गाडीचा मागचा दिवा फुटलेला, बंपर लोंबकळतोय. झालं! दुसऱ्या कुणी आधी आपली गाडी तपासली असती की नाही? मी थेट चिठ्ठी लिहिली. 'आदरणीय महोदय, आपल्या गाडीचं माझ्या हातून नुकसान झालं असावं. मला कळलंच नाही. कृपया क्षमा करा.' खाली नाव, पत्ता, फोन नंबर. वायपरखाली खोचली आणि निघाले.

अहो, माझ्या गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता! पण हे मला सुचलं घरी, भाकरीचा दुसरा तुकडा मोडताना.

आठ दिवसांनी अकोल्याहून फोन. विमा कंपनीचे सर्व्हेअर. "गावंडेसाहेबांनी त्यांच्या लाल गाडीचा क्लेम केलाय. सोबत तुमची चिठ्ठी जोडली आहे."

"पण सर, मी नाही ठोकली!"

"अक्षर तुमचं?"

"हो."

"सही?"

"हो."

"मग?"

"मग... सॉरी."

बघा! पुन्हा!

"कंपनी भरपाई तुमच्याकडून मागू शकते, मॅडम. मान्य नसेल तर पुरावा आणा."

बाबा रागावले नाहीत. खुंटीवरची किल्ली काढून त्यांनी फक्त खिशात ठेवली. "हे निपटू दे पहिले. तोवर माझ्यापाशी राहू दे, बेटा." त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं हो!

क्लासच्या सरांकडून मी त्या दिवसाचं खालच्या पार्किंगमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण घेतलं. भीतीपोटी स्वतः बघितलं मात्र नाही. रविवारी बाबा आणि मी अकोल्याला गावंडेकाकांच्या घरी गेलो. सर्व्हेअर आलेच होते. ओसरीवर माझ्या मोबाइलभोवती सगळी डोकी जमली.

पडद्यावर माझी गाडी गुपचूप उभी. वीस मिनिटांनी लाल गाडी आली. बंपर आधीच लोंबकळत!

"सुटले!" मी ओरडले. "बंद करा आता."

"थांब न वं," काका म्हणाले. "पुढं पाहू दे."

पुढं काय होतं, ते मला एकदम आठवलं. पडद्यावर मी आले. फुटका दिवा ओढणीनं पुसला. बंपरवरून हात फिरवला. आणि मग, दोन्ही हात जोडून, वाकून, त्या गाडीला नमस्कार केला. दोनदा!

"पोट्टी त गाडीच्या पाया पडून राहिली!" काका पोट धरून हसायला लागले.

गावंडेकाकू हसल्या नाहीत. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "थे मीनं केलं. तुमी त्या दिवशी आंघोळीले गेले, मंग मी गाडी बाहेर काढून पाहिली. फाटकाले लागली. सांगाची हिंमतच झाली नाही. अन् वरून या लेकराची चिठ्ठी आली."

"साठ वर्साची झाली तू! आता कावून गाडी शिकून राहिली?"

"तुमचं आपरेशन झालं न औंदा. उद्या काई झालं त दवाखान्यात कोन नेईन तुमाले?"

काकांनी पाण्याचा तांब्या काकूंपुढं सरकवला. मग हळूच म्हणाले, "मंग फाटक तरी पुरं उघडाचं होतं न वं."

सर्व्हेअरनी चष्मा पुसत फाइल मिटली. काकूंनी मला जवळ ओढलं. "बह्याड पोट्टी! न केल्याची माफी कोन मागते?" मग पोहे झाले, चहा झाला, आणि बाबांनी सगळ्यांसमोर किल्ली माझ्या हातावर ठेवली. "चाल, तूच चालव." माझे डोळे भरून आले.

फाटकाबाहेर येऊन भरलेल्या डोळ्यांनी मी रिव्हर्स टाकला.

खळ्ळ!

लाल गाडीचा दुसरा दिवा.

मी धावत ओसरीपाशी गेले. "काका, काका, आता खरंच मीच ठोकली!"

"बस झालं वं पोरी," काका पुन्हा हसायला लागले. "किती मनाले लावून घेतं!"

"नाही बाई," काकू गंभीरपणे म्हणाल्या, "थे बी माझ्यानंच फुटलं असंन."

सर्व्हेअर हेल्मेट चढवत म्हणाले, "मॅडम, तुमची कबुली आता आमच्या कंपनीत चालत नाही."

माझ्यावर विश्वास ठेवणारे तिथं एकटे बाबाच होते. ते गाडीतून उतरले, ओसरीपाशी माझ्याजवळ आले आणि हात पुढे केला.

मी किल्ली दिली.