साहेबांचा परिवार

"कान पकड़िए, बहनजी," साहेब म्हणाले.

मी धरले. लग्नाच्या वयाची मुलगी असलेली बाई, झाशीतल्या एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या हॉलमध्ये, सकाळी सकाळी कान धरून उभी. गुन्हा काय, तर एका ग्राहकाला चुकीच्या खिडकीवर पाठवलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, हा आमच्याकडचा रिवाज. ज्याची टाळी हळू, उद्या तो उभा. साहेब याला 'परिवार' म्हणत. थू असल्या परिवारावर!

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "सोडून दे ना. साहब लोगों से कौन उलझे." आमचे पूर्वज पेशवाईत इथे कारभारी म्हणून आले, हे सांगताना सासऱ्यांची मान ताठ होते. सून कान धरून उभी राहते हे ऐकून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मग ऑफिसातल्या महिला तक्रार समितीकडे गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, "छुआ? कुछ गंदा कहा?"

"नहीं."

"फिर हम क्या करें?"

म्हणजे अंगाला हात लावला तरच अपमान. नुसती माणसाची माती केली तर चालतं.

पुढे नोकरीतल्या अशा छळाविरुद्ध कायदा करायचा प्रस्ताव आला. कर्मचाऱ्यांचं मत ऐकायला सरकारी अधिकारी येणार होते. साहेबांनी आदल्या दिवशी आमची चक्क तालीम घेतली. बोलायला निवडलं मला. ही गरीब गाय, ही काय बोलणार! "कहिएगा, हमें ऐसे क़ानून की ज़रूरत नहीं. डाँटते तो घर के बड़े भी हैं." काय अक्कल म्हणावी! लाथ मारून मारून माणूस आपलासा होतो, असं त्यांना खरंच वाटत होतं.

अधिकाऱ्यांसमोर मी उभी राहिले. नोकरी गेली तर मुलीची फी कुठून भरायची, हेच डोक्यात.

"यहाँ हमसे कान पकड़वाते हैं," मी म्हणाले. "मुझे यह क़ानून चाहिए."

साहेब घाईघाईने म्हणाले, "बहनजी की तबीयत ठीक नहीं है."

"तबीयत आज ही ठीक हुई है, सर."

कायदा अजून मसुद्यातच लोळतोय. माझी बदली मात्र आठवड्याच्या आत झाली, मानिक चौकाजवळच्या शाखेत. तिथल्या साहेबानेही पहिल्याच सकाळी दरडावलं, "खड़ी हो जाइए." मी खुर्चीतच बसून राहिले. कायदा यायचा तेव्हा येईल. काढायचं तर काढा. मी उठणार नाही.