आफ्रिकेला जायचा मोसम

योग्य वेळेची वाट पाहणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण योग्य वेळेलाच दारात ताटकळत उभं करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कटंगीला राहायचे. मी त्यांना साडभाऊ म्हणायचो. मी बालाघाटच्या एका शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे ते मात्र नातं बाजूला ठेवून मला ‘गुर्जी’ म्हणायचे. प्रत्येक कामाचा एक नेमका मोसम असतो आणि माणसाची सगळी दुःखं तो मोसम चुकल्यामुळे उद्भवतात, अशी त्यांची श्रद्धा होती. केस कापायचे ते थंडी सरल्यावर, नवं धोतर नेसायचं ते धूळ बसल्यावर, आणि बायकोशी भांडायचं ते हिवाळ्यात, कारण उन्हाळ्यात भांडण लवकर नासतं. छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, उन्हाळ्यात फेरून घ्यायचे असतात हे सगळ्या कटंगीला ठाऊक होतं. पण साडभाऊंना चैत्रात वाटायचं की अजून घाई कशाला, आणि वैशाखात वाटायचं की आता कवेलू तापलेत, हात भाजतील. ज्येष्ठ सरता सरता त्यांचा दिवस ठरायचा आणि त्याच दिवशी आभाळ फाटायचं. परिणामी पावसाळ्यात त्यांच्याकडे जेवायला बसलं की पानातलं वरण आपोआप वाढत असे.

हे सगळं घरापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण दैवाने त्यांना कटंगीच्या मोटारस्टँडवर तिकीटबाबू म्हणून बसवलं होतं. तुमसरचं, वारासिवनीचं, तिरोडीचं तिकीट मागायला माणूस खिडकीशी आला की साडभाऊ आधी त्याला आज जाणं खरंच गरजेचं आहे का ते विचारत. कोर्टाची तारीख असली तर नाइलाजाने तिकीट फाडत, पण लग्नाला निघालेल्याला जेवणाच्या पंगतीचा अंदाज घेऊन दुपारच्या गाडीने पाठवत, आणि दुखणाइताला भेटायला निघालेल्याला, दोन दिवस थांबा, माणूस जरा बोलायसारखा होऊ द्या, असं सांगत. रुसून तिरोडीला माहेरी गेलेल्या बायकोला आणायला एकजण निघाला होता. साडभाऊंनी त्याला परत पाठवलं. संक्रांतीनंतर जा, म्हणाले, तोवर तिला माहेरचा कंटाळा येईल. तो बिचारा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गेला, तर तिने दारच उघडलं नाही. तो चिडून खिडकीवर आला तेव्हा साडभाऊ शांतपणे म्हणाले, “मी संक्रांतीनंतर म्हनलं होतं. तुमी लगेच काहून गेले?” मोटारमालकाने त्यांना काढून टाकायचं अनेकदा मनावर घेतलं, पण ते सांगायला तो ज्या दिवशी यायचा तो दिवस साडभाऊंच्या मते अशा बोलण्याला बरा नसायचा, आणि गंमत म्हणजे मालकालाही ते पटायचं.

अशा माणसाला आफ्रिका भेटली ती याच खिडकीत. वारासिवनीच्या एका राइस मिलवाल्या गुजराती शेठचा मेहुणा कंपालाला व्यापार करत असे. तो बहिणीला भेटायला आला होता आणि काही कामाने तुमसरला निघाला होता. श्रावणाचे दिवस होते. साडभाऊंनी नेहमीप्रमाणे त्याला जाऊ नका म्हणून सांगितलं. वर पाऊस झालाय, बावनथडी चढेल, म्हणाले. कटंगीचा कुठलाही माणूस हसून तिकीट घेऊन गेला असता, पण हा परदेशातून आलेला, त्याने सरकारी सूचना असल्यासारखं ते ऐकलं आणि बाकावर बसून राहिला. त्या दिवशी मोटार खरोखरच नदीच्या पात्रात अडकली आणि प्रवाशांनी संध्याकाळपर्यंतचा वेळ टपावर काढला. साडभाऊंचा खरा ठरलेला असा हा एकच सल्ला मला माहीत आहे. कंपालावाल्याचे डोळे भरून आले. तो साडभाऊंचा हात हातात घेऊन म्हणाला, “भाईसाब, एक बार हमारे यहाँ आइए. शेर, हाथी, पानी का घोड़ा, सब दिखाऊँगा. आना-जाना सब मेरा. बस, मौसम देखकर आइए.”

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता, तर साडभाऊ वर्षाच्या आत आफ्रिकेत असते.

पुढच्याच रविवारी ते छोट्या रेल्वेने बालाघाटला आले आणि चहाही न घेता मला विचारू लागले की कंपालाला उन्हाळा कधी असतो. मी शाळेतून पृथ्वीचा गोल आणून दाखवला. कंपाला अगदी विषुववृत्तापाशी आहे, तिथे आपल्यासारखा उन्हाळा-हिवाळा नसतो, मात्र वर्षातून दोन पावसाळे होतात, असं मी समजावलं. साडभाऊंनी गोल हाताने एकदा पुरता फिरवला. मग म्हणाले, “दोन पावसाळे? मंग पोळा दोनदा भरवतात का?” तिकडे पोळा नसतो म्हटल्यावर त्यांना बैलांबद्दल वाईट वाटलं, आणि वर्षातून दोनदा कवेलू फेरावे लागत असतील या विचाराने तर तिथल्या माणसांबद्दलही.

मग कंपालाशी पत्रव्यवहार सुरू झाला. कंपालावाला भला माणूस होता. त्याने लिहिलं की कोरड्या महिन्यांत या, गवत बुटकं असतं, जनावरं पाण्यावर येतात, सगळं स्वच्छ दिसतं. हिरवळ आणि पिल्लं पाहायची असतील तर पावसाच्या मागून या. दुसऱ्या कोणीही यातलं एक उचललं असतं. साडभाऊंनी दोन्ही बाजू स्टँडवर मांडल्या आणि कटंगीत दोन पक्ष पडले, एक सुका आणि एक ओला. खुद्द साडभाऊ सकाळी एका पक्षात तर दुपारी दुसऱ्या पक्षात असायचे. कोरड्या दिवसांत जनावरं दिसतात हे त्यांना मान्य होतं, पण ती उपाशी-तहानलेली असणार, आणि पाहुण्याने असं दुष्काळात कोणाच्या दारात उभं राहावं हे त्यांना पटत नव्हतं. पावसामागून जावं तर सगळीकडे बाळंतपणं. “हत्तीण झाली तरी बाळंतीणच हाये ना, गुर्जी,” ते मला म्हणाले, “परक्या माणसानं जाऊन पाहत उभं राहनं बरं दिसते का?” बरं, तिकडचं एकदाचं ठरलं तरी इकडचं जमायला हवं. तिकडे आषाढ कोरडा, तर इथे साडभाऊंच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाची रोवणी. तिकडे पौष कोरडा, तर इथे मळणी. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरायची आणि घर पाहुण्यांनी भरायचं, आणि माघापासून लग्नं. चर्चा ऐन रंगात आली की साडभाऊंची बायको, जिला आम्ही सगळे बाई म्हणायचो, आतून एवढंच म्हणायची, “आफ्रिका राहू द्या. आधी कवेलू फेरा.”

अशी काही वर्षं गेल्यावर साडभाऊंनी ठरवलं की आफ्रिकेआधी एक रंगीत तालीम करावी. कान्हाचं जंगल आमच्याच जिल्ह्यातलं, वाघ पाहायला लोक कुठून कुठून यायचे, आणि साडभाऊंनी मात्र ते कधी पाहिलं नव्हतं, कारण जवळच्या जंगलाचा मोसम काढायची कोणाला घाई असते. तालमीचा मोसम ठरायलाच दोन उन्हाळे गेले. अखेर तिसऱ्या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही कुटुंबं निघालो. बायांनी पुऱ्या, आंब्याचं लोणचं, झुणका असं सगळं बांधून घेतलं होतं. साडभाऊंनी वाघाला उठून दिसू नये म्हणून मातकट रंगाचा सदरा शिवला होता आणि तो सदरा आफ्रिकेच्या मातीचा रंग विचारून शिवलेला असल्याने कान्हाच्या मातीशी अजिबात जुळत नव्हता. बैहरला मोटार बदलायची होती. तिथे साडभाऊंनी चहावाल्याला सहज विचारलं की सध्या जनावर कसं काय दिसतंय. चहावाला कप विसळता विसळता म्हणाला, दिसतंय, पण पंधरा दिवसांनी आणखी बरं दिसेल.

साडभाऊंनी कप खाली ठेवला. माझ्या बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि न बोलता पुऱ्यांचं गाठोडं सोडायला घेतलं. आम्ही सगळे बैहरच्या स्टँडवर बसून जेवलो आणि आलो त्याच मोटारीने परत फिरलो. परतीच्या वाटेवर साडभाऊ अगदी खुशीत होते. “बरं झालं विचारलं,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाई खिडकीबाहेर पाहत होती. बालाघाटपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, आणि ते दिवसही हिवाळ्याचे नव्हते.

पुढे तिकडच्या राजवटीने तिथल्या हिंदुस्थानी लोकांना देश सोडायला लावलं. आम्ही ते रेडिओवर ऐकलं. दिवाळीच्या सुमाराला कळलं की कंपालावाला वारासिवनीला बहिणीकडे आला आहे, अंगावरच्या कपड्यांनिशी म्हणावं असा. बायकामुलं आधीच विलायतेत नातलगांकडे गेली होती, ह्याचं अजून काही ठरत नव्हतं. मिलच्या ओसरीत खुर्ची टाकून दिवसभर बसतो, कोणाशी बोलत नाही, जेवतो न जेवतो, असं लोक सांगत. स्टँडवरच्या सुक्या आणि ओल्या दोन्ही पक्षांनी एकमताने साडभाऊंना बजावलं की भेटायला जा, पण त्याच्यासमोर आफ्रिकेचं नाव काढू नका. मलाही बाईने मुद्दाम सोबत पाठवलं. “यायच्या तोंडाकडे लक्ष ठेवा, गुर्जी,” ती नवऱ्याकडे बोट करून म्हणाली.

आम्ही गेलो तेव्हा मिलच्या आवारात नवं धान वाळत पडलं होतं आणि कंपालावाला त्याच्याकडे पाहत बसला होता. चांगला उंच माणूस, पण खुर्चीत तो मावून जागा उरली होती. त्याने आम्हाला ओळखलं, हात जोडले, आणि पुन्हा धानाकडे पाहू लागला. शेठने चहा मागवला. पावसाचं बोलून झालं, धानाचं बोलून झालं, आणि मग बोलायला काही उरलं नाही. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात साडभाऊ खुर्ची कंपालावाल्याकडे ओढून म्हणाले, “शेठजी, अब बताइए. सबसे अच्छा मौसम कौनसा था?”

मी त्यांच्या पायावर पाय दिला. मिलवाल्या शेठने कप खाली ठेवला. कंपालावाला त्यांच्याकडे पाहत राहिला, आणि मला वाटलं की आता हा उठून आत जाणार.

तो बोलू लागला. आधी एकेक शब्द, चाचपडत. पावसानंतर संध्याकाळी रस्त्यात हत्ती उभे राहतात आणि मोटार बंद करून बसावं लागतं, ते सांगितलं. तळ्याकाठी पाणघोडे कसे घोरतात ते आवाज काढून दाखवलं, तेव्हा आतून त्याची बहीण दाराशी येऊन उभी राहिली. कोरड्या दिवसांत गवत पेटतं त्याचा वास, धाकट्या मुलीने जिराफाला घातलेली हाक, शेजाऱ्याला दिलेली दुकानाची किल्ली, मागे राहिलेला कुत्रा. साडभाऊ मध्येच गवत किती उंच, हत्ती रस्ता देतो का, असं काहीबाही विचारायचे आणि तो उत्तर द्यायचा. दिवेलागण झाली तरी तो बोलतच होता. शेवटी थांबला आणि म्हणाला, “मौसम तो सब अच्छे थे, भाईसाब. आपने बेकार सोचा.”

साडभाऊंनी मान हलवली. मग म्हणाले, “कल चलिए. हमारे यहाँ भी जंगल है.”

मिलवाले शेठ कळवळून सांगू लागले की आता कान्हाला जायचे दिवस नाहीत, वाटा अजून ओल्या आहेत, गवत माणसाच्या डोक्यावर आहे, काही म्हणता काही दिसायचं नाही, उन्हाळ्यात जा. ते म्हणत होते त्यात काही खोटं नव्हतं. साडभाऊ शेठकडे डोळ्याने खुणावून मला हळूच म्हणाले, “यायले कोनं विचारलं?”

दुसऱ्या दिवशी पहाटे मिलवाल्या शेठच्या जीपमधून साडभाऊ आणि कंपालावाला गेले. मला शाळा होती. संध्याकाळी मी मुद्दाम कटंगीला जाऊन थांबलो. साडभाऊ आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि सगळ्या अंगाला कुसळं चिकटली होती. बाईने पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, काय काय पाहिलं. ते ओट्यावर बसून धोतराची कुसळं काढत राहिले.

“गवत,” ते म्हणाले.

आणखी एक-दोन कुसळं काढली, आणि मग म्हणाले, “लय वेळ पाहत होते शेठजी. मीबी पाहिलं.”