भरल्या गाडीला भिणारा कॉम्प्युटर

हबीबभाई मिस्त्रींचं गॅरेज पांढरकवड्याबाहेर, हैदराबादच्या रस्त्याला आहे. गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं की नागपूरपासून आदिलाबादपर्यंतचे ट्रकवाले त्यांचंच नाव घेतात. त्याच गॅरेजच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या आडोशाला, त्यांची मुलगी नाजिया कॉम्प्युटर दुरुस्त करते. अलीकडे ग्रीस आणि घणाचे घाव, पलीकडे नखाएवढे स्क्रू. बारावीनंतर तिनं यवतमाळला हार्डवेअरचा कोर्स केला, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका दुकानात हात बसवला आणि गावी परतली. तिची आई आयशाबी म्हणाली, "एखाद्या हापिसात लागशीन ना आता?"

"अम्मी, मले कॉम्प्युटरवर टायपिंग नाई करायचं. मले तो खोलायचा हाय."

 हबीबभाईंनी त्याच दुपारी जुने टायर ओढून कोपरा मोकळा केला.

शाळांचे, झेरॉक्सवाल्यांचे, दवाखान्यांचे कॉम्प्युटर हळूहळू तिच्याकडे यायला लागले. काम चोख असायचं. पण तिचं नाव खऱ्या अर्थानं झालं ते देवसिंग राठोडांच्या धरमकाट्यावर. त्याआधी तिथं तिची चांगलीच फजिती झाली होती.

देवसिंगकाकांचा धरमकाटा, म्हणजे मालासकट अख्खा ट्रक तोलायचा काटा, केळापूरच्या फाट्याजवळ आहे. काका बंजारा तांड्यावरचे. आपल्या काट्याचा त्यांना भारी अभिमान. नवीन ड्रायव्हर दिसला की हमखास सांगायचे, "आमचे पणजे बैलायच्या पाठीवर मीठ लादून मुलुख पालथा घालत. आता लोकं माल लादते अन् आम्ही तोलतो!" काट्याला लागून एक बुटकी खोली. तिथल्या कॉम्प्युटरवर त्यांची सून शीला बसायची. ट्रक काट्यावर चढला की वजन पडद्यावर येई, शीला गाडीचा नंबर टाकी आणि पावती छापून देई. जिनिंगवाले छापील पावतीशिवाय कापूस उतरवून घेत नसत.

ऐन कापसाच्या दिवसांत हा कॉम्प्युटर थिजायला लागला. ट्रक काट्यावर उभा, पडद्यावर आकडा आलेला, आणि माऊस जागचा हलत नाही. बंद करून पुन्हा चालू करायचा, तोवर मागं गाड्यांची रांग लागायची.

नाजिया स्कूटीवर गेली. कॅबिनेट उघडलं तर आतला पंखा कापसाच्या तंतूंनी पार गुरफटलेला. तिला हायसंच वाटलं. "काका, याचा जीव गुदमरून राह्यलता. गरम झाला का थांबते तो." तिनं पंखा स्वच्छ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, आणि झालं म्हणून सांगितलं.

ती स्कूटीला किल्ली लावते तोच शीला दारात आली. "नाजिया, एक सांगू का? मले वाटते तो भरल्या गाडीले भेते. रिकामी गाडी आली का मस्त चालते."

नाजिया हसली. "वयनी, मशिनीले काय कळते गाडी भरली का रिकामी?"

दुसऱ्याच दिवशी शीलाचा फोन आला. कॉम्प्युटर पुन्हा थिजला होता. नाजियानं जाऊन रॅम बदलली. ती खोलीत असतानाच पावत्या भराभर निघाल्या, म्हणून ती निर्धास्त परतली. दुपारी परत फोन. या वेळी ती पोचली तेव्हा रांग हायवेपर्यंत गेली होती. एका ड्रायव्हरनं केबिनमधून मान बाहेर काढून विचारलं, "काहून मॅडम, झोपला का तुमचा कॉम्प्युटर?" बाकीचे खो खो हसले. नाजियाचे कान तापले. तिनं कॅबिनेट उचलून स्कूटीवर बांधलं. शीलाला शेजारच्या दुकानदाराचा लॅपटॉप मागून आणावा लागला.

गॅरेजमध्ये तिनं तो कॉम्प्युटर दिवसभर पळवला. हार्ड डिस्क तपासली, शीलाची सगळी जुनी नोंद दुसरीकडे उतरवून ठेवली, विंडोज नव्यानं टाकलं. एकदाही थिजला नाही. ते पाहून तिची चिडचिड आणखी वाढली. दोष दिसला असता तर धरता आला असता.

हबीबभाई हात पुसत आडोशाशी आले. "काय झालं बेटा?"

"अब्बा, इथं एकदम शहाणा हाय. तिथं गेला का नखरे."

हबीबभाई खाली ठेवलेल्या टायरवर टेकले. "ड्रायव्हर येते मायाकडं. म्हणते, उस्ताद, घाटात आवाज येते. मी इथं चालू करून पाह्यतो तर आवाजच नाई. मंग मी का करतो? त्याच्या बाजूले बसतो अन् घाटात जातो. गाडी जिथं बिघडते ना, तिथंच पाह्य लागते."

नाजियाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. शीलावयनी हेच तर सांगत होती, आणि आपण हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच काट्यावर गेली. कॉम्प्युटर जागेवर लावला, पण त्याच्यासमोर बसली नाही. खिडकीजवळ स्टूल ओढून ती नुसती बघत राहिली.

रिकामा ट्रक आला, पावती निघाली. सोयाबीनची पिकअप आली, पावती निघाली. मग कापसाच्या गठाणींनी लादलेला ट्रक काट्यावर चढला आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला. लोखंडी फलाटाला असा हिसका बसला की टेबलावरच्या चहाच्या कपात तरंग उठले. पडदा थिजला.

नाजिया ताडकन उठली. "वयनी! तू खरंच सांगत होतीस. भेतेच हा!"

कॅबिनेट एका लोखंडी रॅकवर होतं आणि रॅकचे पाय काट्याच्याच चौथऱ्यात पक्के केलेले होते. वजनदार गाडी थांबली की फलाटाचा धक्का थेट रॅकमधून वर येत होता. तिनं कॅबिनेटची बाजू उघडली आणि बाहेर जाऊन पुढच्या ड्रायव्हरला विनंती केली, "दादा, जरा चढा, थांबा, मागं घ्या अन् परत चढा." परवा टोमणा मारणारा तोच तो ड्रायव्हर. त्यानं कुरकुरत गाडी चढवली. पडदा थिजला. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाल्यावर नाजियानं एक बोट धक्क्यासरशी हललेल्या हार्ड डिस्कच्या केबलवर हलकेच दाबून धरलं आणि शीलाला खूण केली. शीलानं खिडकीतून हात हलवला. ट्रक परत चढला, धक्का बसला, चहा हिंदकळला. माऊस मात्र झरझर हलत होता.

"पुन्हा एक बार, दादा!"

आता ड्रायव्हरलाही मजा वाटायला लागली होती. त्यानं मुद्दाम जोरात ब्रेक मारला. बोट ठेवलं की चालतो, बोट काढलं की थिजतो. केबलच्या टोकाची पकड तुटलेली होती. गॅरेजमध्ये स्थिर बसलेल्या कॉम्प्युटरला त्याचं काहीच नव्हतं. इथं मात्र प्रत्येक भरल्या गाडीच्या धक्क्यानं केबल निमिषभर सुटत होती आणि कॉम्प्युटर वाट पाहत तसाच थांबत होता.

नाजियानं पकडवाली नवी केबल लावली. पण तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. धक्के बसत राहिले तर आज केबल, उद्या डिस्क जाईल. तिनं अब्बांना फोन केला. हबीबभाई ट्रकच्या जुन्या ट्यूबचं जाड रबर कापून घेऊन स्वतःच आले. बाप-लेकीनं मिळून रॅक चौथऱ्यापासून सोडवला, मागच्या भिंतीला सागवानी फळी ठोकली, रबर अंथरलं आणि त्यावर कॅबिनेट ठेवलं. ठोकाठोकीत एकदा हबीबभाई म्हणाले, "असं धर," तर नाजिया म्हणाली, "अब्बा, तुमी फक्त खिळा धरा." त्यांनी मुकाट्यानं खिळा धरला.

संध्याकाळपर्यंत रांग ओसरली. एकही पावती अडली नाही. शीला म्हणाली, "मले पण दाखव कसं खोलतेत ते. पंख्यातला कापूस तं मले काढता येईन ना?" नाजियानं तिथंच तिच्या हातात ब्रश दिला.

देवसिंगकाका खुर्ची सोडून आले. आलेल्या-गेलेल्याला पणज्यांची गोष्ट सांगणारा हा माणूस त्या दिवशी वेगळंच बोलला. नाजियाच्या डोक्यावर हात ठेवून आपल्या बोलीत शाबासकी देत म्हणाला, "घणो आछो, छोरी!" मग हबीबभाईंकडे वळला. "मिस्त्री, गाड्या तं तुमी लय दुरुस्त केल्या. पण हे पोरगी घडवली, हे तुमचं मोठं काम."

 हबीबभाई उरलेले रबराचे तुकडे गोळा करायला लागले.

आता वणीकडच्या, राळेगावकडच्या काट्यांवरूनही नाजियाला बोलावणं येतं. गॅरेजमध्ये कुणी ड्रायव्हर चहाला टेकला की हबीबभाई त्याला ही हकीकत ऐकवतात, आणि दर वेळी त्यातल्या ट्रकमधला माल थोडा वाढतो. परवा तो ट्रक सोळा चाकांचा झाला होता आणि धक्क्यानं खिडकीची काच फुटली होती.

"…अन् मंग मायी पोरगी आत हात घालते अन् सांगते, वायरिंग जळाली हाय!"

पत्र्याच्या आडून आवाज आला, "अब्बा, केबल ढिली होती. जळालं काईच नोतं."

"तेच सांगून राह्यलो ना मी!" असं म्हणून हबीबभाईंनी ड्रायव्हरचा कप परत भरला.