ताईच्या बघण्याचा टार्ट आणि आईची गाळणी

हर्षूताईचं लग्न मी मोडलं नाही. मोडता मोडता राहिलं, एवढंच.

मुलाकडचे उमरोळीहून आमच्याकडे नवापूरला येणार होते. मुलाच्या वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे त्यांच्या घरात मासळी बंद. आईने सकाळपासून अंगणातले बोंबीलसुद्धा शेजाऱ्यांच्या ओट्यावर हलवले. आणि मी? मी जाहीर केलं की कांदेपोहे वगैरे जुनं झालं, मी फ्रूट टार्ट करणार.

टार्ट झाला. वर चिकू, पपई, द्राक्षं मांडली. राहिलं फक्त ग्लेझ, म्हणजे फळं चकचकीत दिसायला वरून लावतात ते. सोपं असतं (असं व्हिडिओतली बाई म्हणाली). जॅममध्ये पाणी घालून उकळा, गाळा, ब्रशने लावा. मी उकळलं, खिळ्याला टांगलेली गाळणी घेतली, गाळलं, लावलं. आई आत आली.

"ही गाळणी कुटून घेतलीस?"

"खिळ्यावरून."

"अगो, ती जवळ्याची हाय! सुक्या जवळ्यातली रेती चाळते मी तिच्यात."

मी टार्ट तिच्या नाकाखाली धरला. "वास येतोय का बघ ना."

आईने हुंगलं. "मना तर नाय येत."

बाबांनी हुंगलं, ताईने हुंगलं. कुणालाच नाही. कसा येणार? जन्मापासून जवळा, बोंबील, सगळी सुकी मासळी हुंगतोय आम्ही. बाहेरचं नाक हवं होतं. मी टार्ट घेऊन वरच्या भाडेकरूकडे पळाले. रमेशभैया, बोईसरला केमिकल कंपनीत.

"भैया, मछली का वास आ रहा है क्या?"

त्यांनी नाक अगदी पपईला टेकवलं. "बेटा, कंपनी में लगने के बाद मुझे कुछ भी सूंघने में नहीं आता. पर दिखता अच्छा है."

खाली रिक्षा थांबली. पाहुणे.

मी ठरवलं, टार्ट लपवायचा. पण बाबांनी उत्साहात सांगून टाकलं, "आमच्या धाकटीने बगा काय केलंय." झालं. काकांच्या हातात बशी गेली. त्यांची इतक्या वर्षांची माळ, आणि मी!

"काका, तुम्हाला शुगर असेल ना?" माझा आवाज चिरकला.

"नाय गो. मना काय नाय." त्यांनी चमचा उचलला. ताई पांढरीफटक.

तेवढ्यात मुलाच्या आईने बशी त्यांच्या हातातून काढून घेतली. "तुमाला थंड बाधतं. र्‍हाऊ द्या." मी आत सटकले, तर त्या सरळ माझ्यामागे स्वयंपाकघरात. दार लोटलं. मी भिंतीला चिकटले.

"वास वळखला मी. कशातून गाळलंस?"

"ज...जवळ्याच्या गाळणीतून. चुकून, काकी. शप्पथ. ताईला काही बोलू नका."

काकींनी एक घास खाल्ला. डोळे मिटले. मग दुसरा. "माझं म्हायेर सातपाटी, मासळीचं गाव. लग्नानंतर यांनी माळ घातली, तवापासून घरात जवळा नाय." बशी पुसून खाल्ली, मग आख्खा टार्ट ओढला. "यांना यातलं काय देऊ नकोस. पोहे कर. आणि पोर आमाला पसंत हाय, सांग आईला."

मी रडायच्या बेतात. "म्हणजे टार्ट आवडला?"

"पीठ कच्चं हाय," काकी बोटं चाटत म्हणाल्या, "चिकू कडक हाय. जवळा तेवढा बरा लागला."