नागाबाबाचा शिधा

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमची आई म्हणाली, "बाबा, शिधा पाठवलाय हं," आणि आजोबांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. ते दोघं हसले, मीही हसले. तुम्ही भावंडं मात्र एकमेकांकडे बघत राहिलात. मग धाकटीनं विचारलं, "आजी, शिधा म्हणजे काय?" मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर मला क्रमानं सांगता येत नाही. ऐन गोष्टीत कुणाचा तरी चेहरा गोठतो.

शिधा म्हणजे पीठ, तांदूळ, डाळ, गूळ असं कोरडं सामान. दारावर आलेल्या साधूला ते देतात. साधू ते घेऊन पुढच्या गावाला जातो आणि तिथं स्वतः रांधून खातो. आमच्या घरी हा साधू कसा आला, ते आता सांगते.

मी लग्न होऊन मुंबईहून इथं आले तेव्हा या शहराचं नाव औरंगाबाद होतं. आजोबा वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी बोलायचे, पण ती गिरगावातली. इथली माणसं भराभर बोलायची आणि त्यातले निम्मे शब्द मला उर्दू वाटायचे.

पहिल्याच आठवड्यात करमाडहून येणारा दूधवाला माप ओतताना म्हणाला, "बाई, उद्या नागा हाय बरं का."

मी मान डोलावली. दिवस श्रावणाचे होते, वेरूळच्या देवळाकडे जाणारे साधू रस्त्यानं दिसायचे. मला वाटलं, उद्या गल्लीत नागा साधू येणार आहे आणि हा भला माणूस मला आधी सांगून ठेवतो आहे. नागा साधू अंगावर कपडे घालत नाहीत, एवढं मला माहीत होतं. घरात मी एकटी, तुमचे आजोबा पहिल्या पाळीला गेलेले. दुसऱ्या दिवशी मी ताटात शिधा काढला, नीट झाकला, उंबऱ्याबाहेर ठेवला आणि आतून कडी लावून बसले. दूध आलं नाही, हेही त्या भीतीत माझ्या लक्षात आलं नाही.

दुपारी दार वाजलं. मी आतूनच ओरडले, "शिधा बाहेर ठेवलाय! घ्या आणि जा!"

"अगं, कुठं जा?"

"पुढच्या गावाला!"

"अगं, मी हाय! दार उघड!"

सगळं ऐकल्यावर आजोबा दाराच्या चौकटीला टेकून इतके हसले की शेजारच्या बाई काळजीनं बाहेर आल्या. नागा म्हणजे खंड. मुंबईत आम्ही ज्याला खाडा म्हणायचो, त्याला इथं नागा म्हणतात. दूधवाला उद्या येणार नव्हता, एवढंच.

त्या दिवसापासून नागाबाबा घरचेच झाले. पेपर आला नाही, लाइट गेली, कामवाल्या बाई आल्या नाहीत, की आजोबा म्हणणार, "बाबा आले वाटतं." नळाला तर कितीतरी दिवसांनी एकदा पाणी येतं, त्यामुळे बाबांचा मुक्काम बहुतेक आमच्याकडेच. तुमची आई लहान असताना शाळेला दांडी मारायची असली की पांघरुणातूनच सांगायची, "आज नागाबाबा!"

आणि दूधवाल्याचा नागा संपला त्या सकाळी आजोबांनी चहा स्वतः केला. माझ्या माहेरच्या कपबशीत ओतून मला खोलीत आणून दिला. कॉन्व्हेंटवालीला कपबशीच लागत असणार, हे त्यांनीच ठरवून टाकलं. ते स्वतः बशीत ओतून फुर्र करून प्यायचे. मी तोंड वाकडं करायचे. पण तेव्हापासून सकाळचा पहिला चहा त्यांच्या हातचा, हा नेम पडला तो पडलाच.

ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांना कंपवात निघाला. उजवा हात थरथरायचा, पाय जड पडायचे. गोळ्या सुरू झाल्या आणि हात पुष्कळ स्थिर झाला. पण या गोळ्या जन्मभराच्या, आणि त्यातली एक फार महाग. विमा दवाखान्यात भरती झालात तर पैसे देतो. घरी बसून रोज गोळी घेणाऱ्याला तो ओळखत नाही. कारखान्याचं पेन्शन नावापुरतं. फंडाचे पैसे घरात आणि तुमच्या आईच्या शिक्षणात गेले होते, आणि त्याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही. तुमच्या आईनं पैसे पाठवायचं काढलं तर आजोबा फोन माझ्या हातात देऊन गच्चीवर निघून जायचे. "तिला तिचा संसार हाय," एवढंच म्हणायचे. औषधं आणायला स्वतःच जायचे आणि स्वतःच्या कपाटात ठेवायचे.

मग मधूनच माझा चहा स्टीलच्या पेल्यात यायला लागला.

"कपबशी कुठं गेली?"

"पेल्यात गरम राहतो. म्हातारपणी गरम प्यावा."

मला ते पटलं. पण घरातल्या गोष्टी जागच्या जागी असल्या पाहिजेत, हा माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी बघत राहिले. नळाला पाणी यायचं त्या दिवशी कपबशी यायची. पाणी नसलं की पेला.

एका सकाळी मी अंथरुणात न थांबता स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आजोबा दोन्ही हातांनी पेला छातीशी धरून, पाऊल पुढं टाकायचा प्रयत्न करत उभे होते. पाऊल उचलत नव्हतं. सदऱ्यावर चहा सांडला होता. मी पेला काढून घेतला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. आणि मला सगळं कळलं.

"अहो, नागाबाबा कधीपासून मुक्कामाला आहेत?"

ते आधी हसले. मग खाली बघून म्हणाले, "लई दिवस नाही."

"गोळीला नागा?"

"बादल्या भरायच्या दिवशी घेतो ना. त्या दिवशी हात लागतात. बाकीच्या दिवशी काय काम हाय हाताला?"

"चहा आणता की मला," मी म्हणाले.

ते सदऱ्यावरचा चहा पुसायला लागले.

त्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रागावले. या गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नसतात, तुम्ही पडला असतात, म्हणाले. एका गोळीच्या जागी त्यांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं, स्वस्त, लिहून दिलं. महाग गोळीला मात्र पर्याय नव्हता. आम्ही गाडी विकली. अजिंठ्याला जाताना तुम्ही दोघं जिच्यात भांडला होतात आणि फर्दापूरला भजी खाऊन गप्प झाला होतात, तीच. तरीही पुरत नव्हतं. तेव्हा मी तुमच्या आईला सगळं सांगितलं.

तिनं फोन केला. आजोबा गच्चीकडे निघाले, तेवढ्यात ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, तुम्हाला पैसे देतच नाहीये मी! नागाबाबाला शिधा देते. शिधा मिळाला की त्यांनी पुढच्या गावाला जायचं असतं. आईनं दारातच सांगितलंय त्यांना."

आजोबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. कठडा धरून वळले. मग म्हणाले, "सांग तिला, या खेपेला बाबा कपडे घालून हायेत."

तेव्हापासून दर महिन्याला शिधा येतो.

आजार आता पुढं सरकला आहे, ते तुमच्यापासून लपवत नाही. सकाळची गोळी घेतली तरी ती लागू पडेपर्यंत हात थरथरतो. "जरा थांबून करा चहा," मी म्हणते. ते ऐकत नाहीत. पेला मात्र मी माळ्यावर टाकला आहे. स्वयंपाकघरातून कप बशीवर वाजत वाजत येतो, आणि माझ्यापर्यंत पोचतो तोवर अर्धा चहा बशीत असतो. मी तो बशीतूनच पिते. फुर्र आवाज होतो. आजोबा तोंड वाकडं करतात आणि म्हणतात, "कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवलं का?"