श्रीरामपंतांची तिथी

मार्तंड पेडगावकर यांनी परभणीच्या एका कचेरीत तीस वर्षं नकला काढल्या. अर्ज आला की जुनी फाइल शोधायची, उतरवून द्यायची, शिक्का मारायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम घेतलं. आईच्या वडलांची तिथी शोधायची.

आजोबा, श्रीरामपंत, लढाईत विमानात वायरलेसवर होते. १९४४च्या चैत्रात त्यांचं विमान ब्रह्मदेशावर बाँब टाकायला गेलं आणि परतताना समुद्रात पडलं. आत सहा माणसं. एकही सापडलं नाही. घरी तार आली तेव्हा आजीला सहावा महिना होता. पुढं जन्मली ती सुनेत्रा, मार्तंडरावांची आई. तारेत 'बेपत्ता' एवढंच होतं. म्हणून श्राद्ध सर्वपित्रीला, तिथी माहीत नसलेल्या सगळ्यांबरोबर.

"तोंड तर पाहिलं नाही त्यांचं," आई म्हणायची. "एक दिवस तरी त्यांचा असू दे. माझ्या डोळ्यांदेखत."

मार्तंडरावांनी विलायतेतल्या दफ्तरखान्याला मेल केली. इंग्रजीही कचेरीतलंच, अर्जदार मयताचा नातू असून वगैरे. सहा महिन्यांनी एक पान आलं. वर तारीख, खाली सहा नावं, पाच गोऱ्यांची. शेवटचा संदेश पहाटे चार दहाचा. इंजिन बंद, पाण्यावर उतरतो आहोत. तो आजोबांनीच पाठवला असणार.

झरीच्या गुरुजींकडे शके १८६६चं पंचांग निघालं. सप्तमी त्या पहाटे पावणेचारला संपत होती.

"म्हणजे अष्टमी," गुरुजी म्हणाले.

मार्तंडराव उठेनात. लढाईत देशभर घड्याळं एक तास पुढं केली होती, हे त्यांनी वाचलं होतं. चार दहा म्हणजे खरे तीन दहा.

"सप्तमी, गुरुजी."

"मार्तंडराव, आता यमाची बी साक्ष काढायलात का?" गुरुजी हसले. मग बोटांवर मोजून म्हणाले, "सप्तमीच."

यंदा चैत्र वद्य सप्तमीला श्राद्ध झालं. एक्क्याऐंशी वर्षांच्या आईनं वडे स्वतः तळले, सुनेला झाऱ्याला हात लावू दिला नाही. त्या दुपारी ती गाढ झोपली.

बाकीच्या पाचांचं काय झालं, हेही मार्तंडरावांनी विचारून ठेवलं होतं. आषाढात त्याचं उत्तर आलं. शोधायला गेलेल्या विमानाचा अहवाल. तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्यावर पिवळी रबरी होडी दिसली. तिच्यात चार माणसं. हात हलवत होती. विमानाचं पेट्रोल संपत आलेलं, म्हणून ते जागा टिपून परतलं. दुसरं विमान पोचलं तेव्हा तिथं नुसतं पाणी होतं. ते चौघं कोण, हे लिहिलं नव्हतं.

मार्तंडरावांनी फोन पालथा ठेवला. जेवले. बाजारातून दूध आणलं. दोन दिवस असेच गेले.

"तोंड का पाडून बसलास?" आईनं विचारलं. ती गवार मोडत होती. "काय लपवायलास?"

त्यांनी सांगितलं. नकलेसारखं, वाचून दाखवल्यासारखं.

आईचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे सप्तमीला ते होते."

"असतील. सहातले चारच होते, आई."

"आणि आपण पिंड ठेवला."

परातीत शेंगा पडत राहिल्या.

"प्यायला पाणी होतं का त्यांच्याजवळ?"

"लिहिलेलं नाही."

"मग विचार की. मला काय बघायलास?"

"सहा महिने लावतात उत्तर द्यायला."

"लावू दे."

मार्तंडरावांनी चष्मा पुसला, फोन उचलला. मायना लिहिला. खाली काय घालावं सुचेना. 'अर्जदार' लिहिलं, खोडलं. मग सरळ विचारलं, की अशा होडीत पिण्याचं पाणी ठेवत का, आणि चार माणसांना ते किती दिवस पुरे.