आबांनी त्याला "येतो" म्हणायला लावलं

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा माणूस मी... जी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ती मी मानतच नाही. पण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

२०१४ साल. आम्ही सिंगापुरात यिशुनला राहत होतो आणि साताऱ्याहून माझे वडील, आबा, आले होते. सिंगापूर बघायला नव्हे. त्यांचे वडील मराठा पलटणीत होते. महायुद्ध संपलं तरी त्यांची तुकडी इथल्या जंगलात गस्त घालत होती. अशाच एका गस्तीवर गेले ते परतलेच नाहीत. आबा तेव्हा पाळण्यात. आजीने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही की श्राद्ध करू दिलं नाही. तिला एकच सल होता — घरातून शेवटचं निघताना ते घाईत "येतो"ऐवजी "जातो" म्हणाले, आणि तिने टोकलं नाही.

म्हणून आबांना घरात कुणी "जातो" म्हटलेलं खपायचं नाही. माझी मुलगी इथल्या पोरांसारखं "बाय लाह!" करून शाळेला पळायची, तर तिला लिफ्टपासून परत बोलावून "येते" म्हणायला लावायचे.

आजी गेली आणि आबांनी ठरवलं, आता वडिलांना मोकळं करायचं. काळ्या तिळाची पुडी घेऊनच आले होते.

एका रविवारी सकाळी आम्ही सेलेटार रिझर्व्हॉयरजवळच्या जंगलात गेलो. त्या पाण्यात उतरायला मनाई, म्हणून आबांनी झाडाखाली बाटलीतल्या पाण्यानेच तर्पण केलं. "बाबा, लई वर्षं अडकलात. आता सुटा," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात झाडीतून सैनिक आले. एकामागे एक, चिखलाने माखलेले. मला विशेष काही वाटलं नाही. नॅशनल सर्व्हिसची, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेतली, पोरं इथे नेहमीच दिसतात. शेवटचा मात्र थांबला. विशी-बाविशीचा, ओठ सुकलेले. आबांसमोर ओंजळ धरून म्हणाला, "आबा, वाईच पाणी द्या की."

मी चाटच पडलो. सिंगापूरच्या जंगलात साताऱ्याची बोली! आबांनी पाणी ओतलं, तो घटाघटा प्यायला. तोंड पुसून म्हणाला, "लई बरं वाटलं. जातो आता."

"जातो म्हणू नये, बाळा," आबा सवयीने बोलून गेले. "येतो म्हणावं."

पोरगा घुटमळला. एकवार झाडीकडे, एकवार आबांकडे बघितलं. "बरं. येतो," म्हणाला आणि गेला.

"गाव कुठलं रे तुझं?" आबांनी हाक मारली. मी मागे धावलो. कुणी नव्हतं. ओल्या वाटेवर फक्त माझ्याच बुटांचे ठसे होते. परत आलो तर आबा खाली बसलेले, हातात रिकामी बाटली.

"सुटला होता रे तो..." ते म्हणाले. "निघाला होता. मीच परत बोलावलं." सत्तरीचे आबा लहान पोरासारखे रडले.

दोन वर्षांनी आबा गेले. शेवटच्या आजारपणातही "मीच परत बोलावलं" हेच घोकत होते, आणि दार लोटून घेऊ देत नव्हते.

माझ्याकडे याचा काहीच खुलासा नाही. त्यानंतर तिथे कितीदा गेलो, कुणी दिसलं नाही. अजूनही जातो, झाडाखाली पाणी ओततो. निघत्या माणसाला आपल्यात "जा" म्हणत नाहीत. मी म्हणतो. अगदी मोठ्याने.

"आजोबा, जा आता."